टटलांचं तळं

लोवेल टटलच्या तळ्यात तण माजलंय, ही गोष्ट लोवेल सोडून सगळ्या गावाला ठाऊक होती. लोवेलला ती कळली जूनच्या पहिल्या रविवारी, चर्चच्या तळघरात कॉफी घेताना, आणि सांगितली ती नेमकी गेलन प्रूइटने. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर लोवेलने मान डोलावून सोडून दिली असती. पण गेलन हा त्याचा चाळीस वर्षांचा शेजारी, आणि चाळीस वर्षांच्या शेजाऱ्याने काढलेली खोड फार आत जाऊन लागते.

"काल म्हटलं तुझ्या तळ्यावरून चालतच पलीकडे जावं," गेलन म्हणाला. "बूटसुद्धा ओले झाले नसते."

हसणाऱ्यांत ब्रदर डॉयलही होते. ते चर्चचे पाद्री; गावात येऊन त्यांना तीनच वर्षं झाली होती आणि अजून सगळ्यांच्या विनोदांना हसत होते.

मिझुरीच्या त्या डोंगराळ भागात तळं असणं ही काही मिरवायची बाब नाही. दर तिसऱ्या घरामागे एक असतं. पण टटलांच्या तळ्याची गोष्ट निराळी होती. लोवेलच्या बापाने ते खणून घेतलं तेव्हापासून गावातल्या बॅप्टिस्ट चर्चचे बाप्तिस्मे तिथेच होत आले होते. जुलैचा शेवटचा रविवार, काठावर घडीच्या खुर्च्या, तळलेली कोंबडी, आणि रेताड उतारावर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून माणसांना पूर्ण बुडवून वर काढणारे पाद्री. त्या पाण्यात लोवेल स्वतः बुडून वर आला होता, त्याची बायको वर्ना आली होती, मुलगी आली होती. तू आयुष्यात काय मिळवलंस, असं कुणी विचारलं असतं तर लोवेलने विम्याच्या कचेरीतल्या नोकरीबद्दल दोन वाक्यं बोलून गाडी तळ्यावर आणली असती.

आणि तळ्यावर आली की ती खोलीवर यायची. लोवेलचा बाप अबोल माणूस. तळ्याबद्दल तो जन्मात दोनच शब्द बोलला. डोक्यावरची हॅट काढायची, पाण्याच्या दिशेने जराशी हलवायची आणि म्हणायचं, "चौदा फूट." बस्स. हॅट नक्की कुठल्या जागेकडे हलली हे विचारायची कुणाची छाती नव्हती. लोवेलने ते चौदा फूट सगळ्या तळ्याला सारखे वाटून टाकले होते आणि नातेवाइकांच्या प्रत्येक मेळाव्यात ते सांगत आला होता.

गेलनने मात्र मागल्या वर्षी परसात स्विमिंग पूल बांधून घेतला होता. त्या रविवारी त्याने तो ब्रदर डॉयलपुढे ठेवला, ताटातली शेवटची कुकी पाहुण्यापुढे सरकवावी तसा. निळं स्वच्छ पाणी, उतरायला शिडी, कपडे बदलायला खोली. पायाला चिखल नाही, आयाबायांच्या किंकाळ्या नाहीत. ब्रदर डॉयलना दोघांचीही मनं राखायची होती, कारण दोघेही चर्चला चांगली देणगी देत. त्यांनी तोड काढली: जुलैच्या मध्याला आपण तळं बघायला येऊ. उतारावरचं पाणी साफ असलं तर तळं, नाहीतर या वर्षी पूल.

लोवेल घरी आला तो न जेवताच काठावर जाऊन उभा राहिला. गेलन खोटं बोलत नव्हता. काठापासून आत नजर जाईल तिथवर हिरव्या, केसाळ वेलांची जाळी तरंगत होती, आणि त्या जाळीवर एक कासव ऊन खात बसलं होतं.

संध्याकाळी स्प्रिंगफील्डहून नातीचा फोन आला. ऑड्री चौदा वर्षांची, शाळेच्या पोहण्याच्या चमूत होती आणि यंदा तिचा बाप्तिस्मा व्हायचा होता. पुलाची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. लोवेलने आपला मान सांभाळत सांगितलं की पूलही काही वाईट नाही.

"आजोबा, क्लोरीनच्या पाण्यात मी रोज सकाळी बुडते," ऑड्री म्हणाली. "त्याने काही होत नाही. मला आपल्या तळ्यात हवाय."

लोवेलला भरून आलं. फोन ठेवून तो वर्नाला म्हणाला की उद्यापासून तण काढायचं.

तण काढायचं म्हटल्यावर सल्ले आले, आणि तळ्यातलं तण बरं इतके आले. न्हाव्याने सांगितलं, मीठ टाक. टपालवाल्याने सांगितलं, गवत खाणारे मासे सोड, त्याच्या मेहुण्याने सोडले होते, आता तिथे गवत नाही आणि मेहुणाही मासे खाऊन कंटाळलाय. एकाने बकऱ्या सुचवल्या. बकऱ्यांनी पोहायचं कसं हे मात्र तो सांगू शकला नाही. गेलन स्वतः कुंपणापाशी आला आणि अंगणातल्या फरशीच्या फटींतलं गवत मारायचं जुनं औषध घेऊन आला. औषध ते औषध, गवत ते गवत, दे ओतून, असं त्याचं म्हणणं. लोवेलने कॅन हातात घेतलासुद्धा. पण वर्नाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं की तळ्यातले मासे मेले तर कढईत काय घालायचं, आणि मग लोवेलने जिल्ह्याच्या शेतकी कचेरीत फोन केला.

तिथे डेनिस ओकली नावाच्या बाई होत्या. बोलणं शांत, पण प्रश्नाला प्रश्न. लोवेलने विचारलं, कुठलं औषध मारू? त्यांनी विचारलं, कुठलं तण आहे? लोवेल म्हणाला, हिरवं. बाई म्हणाल्या की नमुना घेऊन या, आधी शत्रूचं नाव कळू दे.

आता त्या मुलखात क्रीमचे आणि मार्गारीनचे रिकामे डबे कुणी टाकून देत नाही. कुठल्याही घरातला फ्रिज उघडा, लोणी सापडेपर्यंत चार डबे उघडावे लागतात. लोवेलने तळ्यातलं मूठभर तण असल्याच एका डब्यात भरलं, सुकू नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं, आणि सकाळी डबा उचलून कचेरीत गेला. ओकली बाईंनी झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "मिस्टर टटल, ही फरसबीची भाजी आहे. वर तळलेला कांदाही आहे."

त्याच वेळी चर्चच्या महिला मंडळाच्या जेवणात ब्रदर डॉयलनी डोळे मिटून, सगळ्या पदार्थांबद्दल देवाचे आभार मानून वर्नाने भाजीचा समजून फ्रिजमधून नेलेला दुसरा डबा उघडला होता. वर्नाने पुढे सांगितलं की डबा उघडल्यावर कुणीच काही बोललं नाही. एका म्हातारीने तर थोडं वाढूनही घेतलं, उगाच कुणाला वाईट वाटायला नको म्हणून. त्यानंतर तीन दिवस वर्ना लोवेलशी फक्त कुत्र्यामार्फत बोलत होती.

दुसऱ्या खेपेला तणच कचेरीत पोचलं. ओकली बाईंनी ते पाण्यात पसरून बघितलं. रॅकून या झुबकेदार शेपटीच्या प्राण्यावरून रॅकूनची शेपटी म्हणतात तेच हे, पाण्याखाली वाढणारं. मग त्यांनी एकेक गोष्ट समजावून सांगितली. गेलनचं फरशीचं औषध पाण्यासाठी नव्हेच. त्यात मिसळलेल्या पदार्थाने बेडूक आणि मासे मरतात, आणि पाण्याखालच्या तणाचं काही बिघडतही नाही. पाण्यात चालतं असं लेबलवर छापलेलंच औषध घ्यायचं, तेही या तणावर लागू पडणारं. शिवाय सगळं तळं एकदम मारायचं नाही. मेलेलं तण कुजताना पाण्यातली हवा खातं आणि मासे गुदमरतात, म्हणून एका वेळी एक तुकडा, साधारण तिसरा हिस्सा. मग थांबायचं.

"आणि मात्रा पाण्याच्या मापाने ठरते," त्या म्हणाल्या. "तळ्याची खोली किती?"

"चौदा फूट," लोवेल म्हणाला. हॅट डोक्यावर असती तर त्याने ती हलवलीही असती.

"सरासरी?"

"सगळीकडे."

बाईंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, हिशोब केला, आणि गावातल्या दुकानाला त्याप्रमाणे औषध काढून ठेवायला सांगितलं. पण निघताना म्हणाल्या की घेण्याआधी एकदा मोजून बघा, दुप्पट-तिप्पट मात्रा पडली तर मासे तुम्हाला माफ करणार नाहीत.

लोवेलला खरं तर मोजायची गरज वाटत नव्हती. बापाच्या शब्दावर दोरी लावायची म्हणजे काय? पण रात्रभर त्याला माशांची स्वप्नं पडली. मोजायला होडी हवी होती, आणि होडी होती गेलनकडे. गेलन आनंदाने आला. दोरीला वीट बांधलेली, दर फुटावर गाठ मारलेली, आणि दोरी बारा फुटांची.

लोवेलने ती बघूनच नाक मुरडलं. चौदा फुटांच्या तळ्याला बारा फुटांची दोरी?

"पुरेल," गेलन म्हणाला. "बस होडीत."

पुरली. पहिल्या ठिकाणी तीन गाठी ओल्या झाल्या. मग चार. बांधापाशी, जिथे तळं सगळ्यात खोल असायला हवं, तिथे पाच. लोवेलने वीट चुकीची पडली म्हणून पुन्हा टाकायला लावली, दुसऱ्या बाजूने टाकायला लावली, शेवटी स्वतः टाकली आणि त्या भरात होडीतून बाहेर पडला. तो उभा राहिला तेव्हा पाणी त्याच्या हनुवटीपर्यंत होतं. गेलन वल्ही धरून बसला होता. एवढ्या वर्षांचा गाळ, असं काहीतरी तो म्हणाला. त्याच्या आवाजात दया होती, आणि लोवेलला तीच झोंबली. उताराच्या पलीकडच्या कोपऱ्यात वेलांची जाळी इतकी दाट होती की होडी शिरेना, तेव्हा तेवढा कोपरा सोडून त्यांनी मोजणी आटोपली. सरासरी चार फूट.

गुरुवारी लोवेल दुकानात गेला. शेतीच्या सामानाचं दुकान. आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला एक बाक, कॉफीचं भांडं, आणि बाकावर निवृत्त मंडळी, त्यांच्यात गेलन. गेलनने अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं, हे लोवेलला त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. तो फक्त कॉफी फुंकत होता.

काउंटरवरच्या माणसाने चार कॅन आणून ठेवले. "चौदा फुटांच्या हिशोबाने आहेत, लोवेल. बरोबर ना?"

लोवेलच्या मनात एक युक्ती आली. चारही कॅन घ्यायचे, गुपचूप लागेल तेवढंच वापरायचं, बाकीचे शेडमध्ये लपवायचे. बापाची इज्जतही राहील आणि मासेही. पण उरलेल्या कॅनचं करायचं काय? उरलं म्हणून थोडं जास्त ओतायचा मोह त्याला होणार नाही याची खात्री त्याची त्यालाच नव्हती. आणि त्या पाण्यात ऑड्री उतरणार होती.

"चार फूट," तो म्हणाला.

"काय?"

"सरासरी चार फूट. बाकीचे परत ठेव."

गेलन हसला असता तर बरं झालं असतं, पण तो कॉफीच्या कपात बघत राहिला. संध्याकाळपर्यंत मात्र गावात सगळ्यांना कळलं, आणि दुसऱ्या दिवशी न्हाव्याने केस कापताना लोवेलला विचारलं की केस चौदा बोटं ठेवू की सरासरी चार. लोवेल अर्धवट केस कापून घरी आला.

पुढचा घोटाळा लेबलाचा. कॅनला चिकटवलेलं ते लेबल उलगडलं तर जेवणाच्या टेबलाएवढं झालं. लोवेलने जन्मभर बारीक अक्षरातल्या विम्याच्या अटी लोकांना विकल्या होत्या; बारीक अक्षरं स्वतः वाचायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली. भिंग घेऊन तो दोन संध्याकाळी बसला. फवारल्यावर इतके दिवस हे पाणी झाडांना घालू नये, हे वाचून त्याने वर्नाला सांगितलं, कारण वर्नाचे टोमॅटो तळ्याच्या पाण्यावर होते. वर्नाने ऐकून घेतलं आणि घरातल्या नळापासून बागेपर्यंतच्या बादल्या त्याच्या वाट्याला लावल्या. पुढे लिहिलं होतं, इतका वेळ पोहू नये. पण बाप्तिस्म्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

लेबलावर एक नंबर होता. लोवेलने तो फिरवला. पलीकडच्या मुलीला त्याने विचारलं की बाप्तिस्मा म्हणजे पोहणं धरायचं का. तिने थांबायला सांगितलं, बराच वेळ संगीत वाजलं, मग तिचे वरिष्ठ आले.

"माणूस पाण्याखाली किती वेळ असतो?" त्यांनी विचारलं.

लोवेलने प्रामाणिकपणे सांगितलं की ते माणसावर अवलंबून आहे. एरवी ब्रदर डॉयल चटकन वर काढतात, पण मागल्या वर्षी घोड्यांच्या दलालाला त्यांनी जरा जास्त वेळ खाली धरलं होतं, आणि ते का, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"डोक्यावर थोडं पाणी शिंपडून नाही का चालणार?"

लोवेल खुर्चीत ताठ झाला. "शिंपडतात ते मेथडिस्ट चर्चवाले," तो म्हणाला.

वरिष्ठांनी माफी मागितली आणि निर्णय दिला की पूर्ण बुडणं म्हणजे पोहणंच धरावं, लेबलावरची मुदत पाळावी, आणि शक्य असेल तर आणखी दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. लोवेलने कॅलेंडर बघितलं. वेळ अगदी जेमतेम होता.

दुसऱ्याच सकाळी, वारा नसताना, त्याने फवारणी केली. लेबलावर म्हटल्याप्रमाणे लांब बाह्या, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. हातमोजे दुकानातून आणले होते, चष्मा विसरला होता, म्हणून ऑड्रीचा पोहण्याचा जुना गुलाबी चष्मा लावला. फक्त उतार आणि त्याला लागून असलेला दाट कोपरा, तिसरा हिस्सा, त्याहून काठीभरही जास्त नाही. काठावर त्याने पाटी लावली: पोहू नये, पाणी काढू नये. गेलन कुंपणावर कोपर टेकून सगळं बघत होता. चष्म्याबद्दल तो एवढंच म्हणाला की रंग त्याला शोभतो.

दहाएक दिवसांत वेल तपकिरी पडले आणि बुडाले. मासे एकही उलटा झाला नाही. बेडूक पूर्वीसारखेच ओरडत होते, कासव जाळी गेल्यामुळे रागावून दुसऱ्या काठाला गेलं. जुलैच्या मध्याला ब्रदर डॉयल आले, बूट काढून उतारावर चार पावलं गेले आणि समाधानाने परत आले. दोन तृतीयांश तळं अजून हिरवं होतं, पण उतारावर तळाची रेती दिसत होती. बाप्तिस्मा तळ्यातच ठरला. गेलनने ऐकलं आणि म्हणाला की पाण्याचं तर ठीक आहे, पण एवढ्याशा पाण्यात उंच माणसांचे गुडघे बुडले तर मिळवली. घोटाभर पाण्यातला बाप्तिस्मा ही कोटी तो पुढे प्रत्येकाला ऐकवत राहिला, आणि पुरावा म्हणून ती वीट आणि दोरी पिकअपच्या मागे ठेवूनच फिरत होता.

शेवटच्या रविवारी सगळं गाव आलं. पुलाची बाजू घेणारे जरा आधी आले, चांगल्या जागा मिळाव्यात म्हणून. लोवेल नव्या शर्टात काठावर उभा होता आणि कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. पांढऱ्या झग्यात ऑड्री आली, त्याचा हात दाबून रांगेत उभी राहिली. ती एकटीच होती जिने खोलीचा विषय काढला नाही.

ब्रदर डॉयल झग्याच्या आत मासेमारीचे छातीपर्यंतचे रबरी बूट घालत. पाण्यात तासभर उभं राहायचं तर सर्दी होते. दरवर्षी ते उतारावरून मागे मागे सरकत, त्या कोपऱ्यातल्या जुन्या वेलांच्या जाळीला पाठ टेकली की थांबत. जाळी कधी हलली नव्हती, तेही कधी पुढे गेले नव्हते. त्या दिवशी ते स्तोत्र म्हणत मागे सरकू लागले. कमरेपर्यंत आले, पाठीला काही लागलं नाही. आणखी एक पाऊल गेले, पाठीला काही लागलं नाही, कारण लागायला आता तिथे काही उरलंच नव्हतं. मग त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं, आणि स्तोत्र मध्येच बंद पडलं.

पाण्यावर नुसता झगा फुलून राहिला होता, मग तोही गेला. रबरी बुटांत पाणी भरलं की माणसाचं काय होतं, हे काठावरच्या मासे पकडणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणूनच बहुधा सगळे जागच्या जागी थिजले. लोवेल बुटांसकट पाण्यात धावला. पण त्याच्या बाजूने काहीतरी पांढरं सपकन गेलं आणि पाण्याखाली दिसेनासं झालं. ऑड्री वर आली तेव्हा तिच्या हातात ब्रदर डॉयलची कॉलर होती. तिने त्यांना उतारावर ओढत आणलं, बसवलं आणि खोकू दिलं. तिचा श्वासही चढला नव्हता.

ब्रदर डॉयलना बोलता यायला वेळ लागला. बोलता आलं तेव्हा त्यांनी तळाला पाय लागला नाही, असं सांगितलं. मग ते उठले, रबरी बूट काढून काठावर टाकले, अनवाणी पुन्हा पाण्यात गेले आणि यंदाचा पहिला बाप्तिस्मा ऑड्रीला दिला. एका म्हातारीच्या मते ती आधीच एकदा बुडून आली होती, पण ब्रदर डॉयलनी सांगितलं की नियम तो नियम.

तोवर गेलन उठला होता. कुणाशी काही न बोलता तो पिकअपपाशी गेला, वीट आणि दोरी घेऊन आला. उताराच्या टोकापर्यंत कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि ब्रदर डॉयल गेले होते तिथे वीट फेकली. सगळी मंडळी खुर्च्यांवरून उठून उभी राहिली. दोरी सरसरत गेली. सहा गाठी गेल्या, नऊ गेल्या, बाराही गेल्या, आणि दोरीचं टोक गेलनच्या बोटांतून निसटून विटेच्या मागोमाग खाली गेलं.

गेलन रिकाम्या हाताकडे बघत होता. "दोरी कमी पडली," तो म्हणाला.

लोवेल ओल्या पँटने त्याच्या शेजारी उभा होता. त्याने डोक्यावरची हॅट काढली, त्या काळ्याशार पाण्याच्या दिशेने जराशी हलवली, आणि पहिल्यांदाच त्याला कळलं की बाप नेमका कुठे बघत असायचा.

"चौदा फुटांची आणायची होतीस," तो म्हणाला.